मालूताईंचा सकाळचा गठ्ठा

मालूताई, तुमचं दिवसकार्य आटोपलं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि माझी रजा संपून कामाची सकाळ उजाडली. त्या सकाळी मी घर चालू करायला गेलो.

एवढं काय आहे त्यात, असं मला वाटलं होतं. सुमन रडून रडून दमलेली. बहीण गेलेल्या बायकोला आज तरी झोपू द्यावं, असा एक उदात्त विचार माझ्या मनात आला. माझ्या मनात उदात्त विचार आला की घरात काहीतरी फुटतं, हे तुम्ही फार पूर्वीच सांगून ठेवलं होतं. मी बंब पेटवला. स्टोला पंप मारून दूध चढवलं. रेडिओ लावला. संजूला आणि बेबीला हाका मारल्या. तेवढ्यात नळाला धार आली तशी पिंप खाली सरकवलं. आणि मग कमरेवर हात ठेवून मधोमध उभा राहिलो, एखाद्या कारखान्याच्या मालकासारखा.

आधी बंबातून कसलासा आवाज यायला लागला. बंबात पाणी नव्हतं. ते नळाला धार आल्यावर भरायचं असतं, आणि मी तर धार यायच्या आधीच निखारे घालून मोकळा झालो होतो. बंबाकडे धावलो तर दूध उतू गेलं. दुधाकडे धावलो तर पिंप भरून पाणी स्वयंपाकघरात शिरलं. पोरं मोरीच्या दारात एकमेकांना ढकलत होती. आणि रेडिओवर एक गृहस्थ अत्यंत शांतपणे बाजारभाव सांगत होते.

सुमन दारात येऊन उभी राहिली. चिमट्यानं बंबातले निखारे काढले, रेडिओ बंद केला आणि फरशी पुसायचं फडकं माझ्या हातात दिलं. तिला जे म्हणायचं होतं ते ती संध्याकाळी म्हणाली. ते शेवटी सांगतो. तुम्हाला आवडेल.

तुम्ही असताना आमच्या घरात सकाळ आपोआप होते, असा माझा कित्येक वर्षं समज होता. आमच्या लग्नानंतर तुम्ही वरच्या खोलीत राहायला आलात, "इथून गिरणी जवळ पडते," एवढंच म्हणालात, आणि आमची सकाळ कधी ताब्यात घेतलीत ते मला कळलंसुद्धा नाही. आधी पाणी. पाणी भरल्याशिवाय बंब नाही. बंब पेटल्याशिवाय स्टो नाही, कारण दोन्हीकडे एकदम बघता येत नाही, माणसाला डोळे एकाच बाजूला दिलेत. बेबी आधी उठणार, तिच्या वेण्यांना वेळ लागतो. मग संजू. आणि सगळ्यात शेवटी मी. एकदा मला मदतीची हुक्की आली आणि मी सगळ्यांच्या आधी उठून उभा राहिलो, तर तुम्ही चहाचा कप हातात दिलात आणि मला परत खोलीत पाठवलंत.

"मधुकरराव, तुम्ही लवकर उठलात की वाटेत येता."

मधुकरराव. घरात मला नावानं हाक मारणाऱ्या तुम्ही एकट्याच. सुमनसाठी मी 'अहो', पोरांसाठी 'बाबा'. उखाणा सोडला तर सुमननं माझं नाव आजवर उच्चारलेलं नाही. परवा टपाल आलं, पाकिटावर ते नाव लिहिलेलं होतं, आणि क्षणभर मला वाटलं, हे पत्र वरच्या खोलीतून आलंय.

आणि तो उंबऱ्यावरचा प्रश्न! आपण दोघं गिरणीत जायला एकदमच निघायचो. मी चपला घालून एक पाय बाहेर टाकला की मागून आवाज यायचा, "थांबा. स्टो बंद केला का?" रोज. सणावारी, गड्ड्याच्या यात्रेला निघतानासुद्धा. मी चिडायचो. तुम्ही तरीही विचारायचा. मी आत जाऊन बघून यायचो. बहुतेक वेळा तो बंदच असायचा. बहुतेक वेळा.

ही शिस्त तुम्ही गिरणीतून घरी आणलीत की घरातून गिरणीत नेलीत, हा आपला एक जुना वाद. तो मिटला नाही. आज मी माझी बाजू मांडतो, तुम्हाला मधे बोलता येत नाही तोवर.

आपल्या गिरणीत कॉम्प्युटर आला तेव्हा तुम्ही ऑफिसात टायपिस्ट होता. मग कार्डांना भोकं पाडायच्या पंचिंगला गेलात, मग मशीन चालवायला शिकलात, आणि एक दिवस पाहतो तो मशीनरूमची सगळी जबाबदारी तुमच्याकडे. मे महिन्यात सगळं सोलापूर भाजून निघत असताना अंगावर शाल घेऊन काम करणारी बाई गावात एकच होती. मशीनसाठी एअरकंडिशन केलेल्या त्या गार खोलीत यायला लोक निमित्तं शोधायचे. मीही शोधायचो. मी स्टोअरमधला कारकून, मशीनला लागणारा छपाईचा कागद आमच्याकडून जायचा, आणि तो शिपायाच्या हाती पाठवायचा सोडून मी स्वतः डोक्यावर घेऊन यायचो. साहेबांना वाटायचं, काय कामसू माणूस!

त्या मशीनचं दिवसातलं पहिलं काम म्हणजे विणकामाच्या, म्हणजे साळखात्याच्या, चिठ्ठ्या. कोणत्या मागावर सुताचा कोणता बीम चढवायचा, कोणती चादर विणायची, ते त्या चिठ्ठ्यांवर छापून यायचं. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत त्या तिथल्या मास्तरांच्या हातात पडल्या पाहिजेत. नाही पडल्या तर माग उभे आणि माणसंही उभी. पहिले काही महिने सगळं सुरळीत चाललं. मग चिठ्ठ्यांना उशीर व्हायला लागला. भोंगा होऊन जायचा, आणि मशीन आपलं घुमतच बसलेलं असायचं. शेवटी मॅनेजरसाहेबांनी तुम्हाला बोलावून सांगितलं की आता आणखी एक आठवडा. तेवढ्यात सुधारलं नाही तर मशीन परत जाईल आणि चिठ्ठ्या पूर्वीसारख्या हातानं लिहिल्या जातील.

मशीन परत म्हणजे तुम्हाला अक्का म्हणणाऱ्या पंचिंगच्या पोरी घरी. त्यांच्यातल्या पद्माच्या घरचे हातमाग केव्हाच बंद पडले होते. वडील, दोन भाऊ, सगळे तिच्याकडे बघून होते. त्या दिवशी तुम्ही घरी आलात आणि जेवला नाहीत. सुमननं विचारलं तेव्हा एवढंच म्हणालात, "पोरींना अजून सांगितलेलं नाही."

उशीर का होतो ते तुम्ही मला भाकरीच्या पिठाच्या डब्यावरून समजावलं होतंत. सकाळी वीज दिली की मशीन नुसतं जागं होतं. पुढं काय करायचं ते त्याला माहीत नसतं. ते सांगायला कार्डांचा एक गठ्ठा असतो, बारीक बारीक भोकं पाडलेला. मशीन एकेक कार्ड गिळतं आणि त्यावरचा हुकूम पाळतं. आधी हा प्रोग्राम उठव, मग तो उठव. पण त्याच्या डोक्यात जागा मोजकी, या डब्याएवढी. उठवलेला प्रोग्राम काम असो वा नसो, आपली जागा धरून बसतो. आणि तोवर आपल्या गिरणीतल्या प्रत्येक खातेप्रमुखानं आपला प्रोग्राम त्या सकाळच्या गठ्ठ्यात घुसवला होता. हजेरी घेणाऱ्या टाइम ऑफिसचा होता, कापूसखात्याचा होता, महिनाअखेरीला एकदाच लागणारा पगाराचा होता. ज्याचा प्रोग्राम सकाळी आपोआप उठतो तो मोठा साहेब, अशी रीतच पडली होती. आमच्या स्टोअरचाही होता. तो बसावा म्हणून मी स्वतः अर्ज लिहिला होता, आणि मंजूर झाला तेव्हा खात्यात चहा दिला होता.

तुम्ही सगळे काढून टाकलेत. विटेएवढा गठ्ठा, तो आगपेटीएवढा झाला. आपोआप उठणारे दोनच उरले. एक रात्रपाळीचं काम नोंदवून मिटवणारा, दुसरा चिठ्ठ्या छापणारा. बाकीच्यांना निरोप गेला की तुमचा प्रोग्राम कपाटात सुखरूप आहे, काम असेल तेव्हा हाक मारा, उठवू.

काय गहजब झाला होता ताई! टाइम ऑफिसनं तुमच्याशी बोलणं टाकलं. आणि घरी मी भांडायला बसलो.

"ताई, स्टोअर म्हणजे गिरणीचं पोट. ते सकाळी उठायला नको?"

"तुमच्या खिडकीवर पहिला माणूस केव्हा येतो?"

"येतो की. सकाळीच येतो."

"केव्हा?"

"दहाच्या सुमारास."

"मग दहाला उठवते."

"तसं नाही ओ. बाकीच्या खात्यांना काय वाटेल?"

"त्यांचेही काढलेत की."

मी शेंगाचटणीत बोट फिरवत बसलो. सुमननं विचारलं, "ताई, ह्यांना आणखी एक भाकरी वाढू का?"

तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हाक मारली की वाढ."

दोघी बहिणी इतक्या हसलात की शेजारच्या काकू डोकावून गेल्या. मी रागावल्याचं दाखवलं. खरं तर त्या आठवड्यात तुम्ही पहिल्यांदाच हसला होता, म्हणून मला बरं वाटलं होतं.

मग ती सकाळ. मुदतीतली शेवटची. मी कागदाचा गठ्ठा डोक्यावर घेऊन हजर होतोच. मॅनेजरसाहेब हाताची घडी घालून उभे. साळखात्याचे मास्तर, वैरागकडचे, मागांच्या खडखडाटावर आवाज चढवायची सवय असलेले, दारातूनच गरजले, "बाई, आज बी चिठ्ठ्या न्हाय मिळाल्या तर माझी माणसं काय मागाकडं बघत बसायची व्हय?" पोरी भिंतीला लागून उभ्या होत्या. त्यांना तोवर मुदतीचं कळलं होतं.

तुम्ही मशीनला वीज दिलीत, कार्डं लावलीत. मशीननं पहिली काही कार्डं सर्रकन गिळली, आणि थांबलं.

ताई, त्या शांततेत मला माझ्याच घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मीच कागद खराब दिला. पद्मानं ओढणी तोंडात धरली. आणि मग मशीनशेजारचा तो टाइपरायटर कुणी हात न लावता स्वतःच खटखट करायला लागला. साहेबांनी वाकून पाहिलं. अक्षरं इंग्रजी, शब्द मराठी, म्हणून ते त्यांना पटकन लागेनात. त्यांनी अडखळत मोठ्यानं वाचलं:

"थांबा. काल रात्रीची पाळी बंद केली का?"

खोलीतल्या कुणालाही काही कळायच्या आत माझा हात खिशातल्या घराच्या किल्लीकडे गेला. तो आवाज ओळखणारा मी एकटाच होतो.

तुम्ही मात्र शांत. "मास्तर, ते विचारतंय. केली का?"

मास्तरांनी टोपी काढली. "आयला... न्हाय की ओ बाई. रातपाळीच्या जॉबरनं हिशेबाचा कागूद आणून ठिवला टेबलावर, आन् मी त्यावरच डबा ठिवला की." आणि तो एवढा मोठा माणूस पळत सुटला. कागद आला, त्यावर कालवणाचा डाग होता. पद्मानं त्याची कार्डं अशी पंच केली की बोटं दिसत नव्हती. तुम्ही मशीनला 'होय' म्हणून कळवलंत. चिठ्ठ्या सरसरत बाहेर आल्या, मास्तरांनी त्या सुट्या न करता, एकमेकींना जोडलेल्याच ओढून काखोटीला मारल्या, ते जिना उतरत होते आणि भोंगा झाला.

साहेबांनी विचारलं, "आणि पूर्वी असा कागद राहिला तर मशीन काय करायचं?"

"पूर्वी न विचारता छापायचं, साहेब. आदल्या दिवशीच्याच चिठ्ठ्या. मग साळखात्यात बीम उतरवा, परत चढवा."

जाताना साहेबांनी पोरींकडे पाहून मान हलवली, आणि मशीन परत द्यायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. दुपारी मास्तर मुद्दाम वर आले. "बाई, तुमचं मशीन माझ्या मंडळीवानी बोलतंय की. ती बी मी भाईर पडताना दारातच इचारती. लई जीव खाती, पर बराबर इचारती." तुम्हाला लाजलेलं मी तेव्हाच पाहिलं.

म्हणून म्हणतो ताई, ही शिस्त घरातून गिरणीत गेली. स्टोचा प्रश्न आधीचा आहे. साक्षीदार मी.

त्यानंतर तुमचा गठ्ठा म्हणजे गिरणीत एक प्रस्थच झालं. त्याच्या कडेवर तुम्ही निळ्या शाईनं एक तिरकी रेघ ओढली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक कार्ड जरी मागंपुढं झालं किंवा नवं घुसलं, तरी रेघ तिथं तुटायची. एकदा तुम्ही डबा खायला गेलेल्या असताना कुणीतरी आपल्या खात्याचं कार्ड हळूच मधे सरकवून गेलं. तुम्ही परत आलात, दारातूनच रेघेकडे पाहिलंत, दोन बोटांनी ते कार्ड काढलंत आणि पाण्याच्या तांब्यावर झाकण म्हणून ठेवलंत. ते आठवडाभर तिथंच होतं, सगळ्यांना दिसेल असं. तो मी नव्हतो. मी असतो तर सापडलो नसतो, असं मी सुमनला म्हणालो, तर ती अजून त्यावर हसते.

मला तुमच्याबद्दल जे वाटायचं ते मी गावभर सांगत फिरायचो. सलूनमध्ये, पानाच्या ठेल्यावर, सासुरवाडीच्या लग्नात. आमच्या मेहुणीच्या हुकमाशिवाय गिरणीचं मशीन पापणी उघडत नाही म्हणून. करमाळ्याच्या एका पाहुण्याला तर मी एवढं रंगवून सांगितलं की त्यांनी विचारलं, मग तुमच्या त्या मेहुणीबाई भोंगाही वाजवतात का? मी म्हटलं, त्यांनी मनावर घेतलं तर तोही थांबेल. घरी येऊन मात्र मी तुमच्याशी स्टोअरवरूनच भांडायचो. तुमच्यासमोर कौतुक करायचं म्हणजे काय करायचं, ते मला कधी जमलंच नाही. तुम्हीही ते ऐकून घेतलं नसतंत म्हणा. "पुरे, मधुकरराव, चहा गार होतोय," असं काहीतरी म्हणाला असता.

दवाखान्यातला तो शेवटचा बरा दिवस. सुमन औषध आणायला खाली गेली होती. तुम्हाला हसवावं म्हणून मी म्हटलं, "ताई, आता तरी आमचं स्टोअर सकाळी लावा की."

तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "तुम्हाला सकाळी स्टोअर नको असतं, मधुकरराव. तुम्हाला सकाळी मान हवा असतो."

मी तुमची उशी सारखी केली.

मग तुम्हीच म्हणालात, "घरी चहा आयता हातात मिळतो की. आणखी केवढा मान पाहिजे?"

याला काहीतरी झकास उत्तर द्यायचं असं ठरवून मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी तुम्ही ऐकायच्या स्थितीत नव्हता. ते उत्तर मी अजून जुळवतोय. खरं सांगायचं तर उत्तर नाहीच, ताई. तुमचं बरोबर आहे. एवढंच म्हणायचं होतं.

तर, रिकाम्या बंबाच्या त्या सकाळी मी फरशी पुसून गिरणीत गेलो. छपाईचा कागद द्यायचाच होता. नेहमीसारखा डोक्यावर घेऊन मशीनरूमचा जिना चढलो. वर गार हवा, सगळं तसंच. तुमच्या खुर्चीच्या पाठीवर तुमची शाल. खुर्चीवर कुणी बसलेलं नव्हतं. पद्मा शेजारी स्टूल ओढून त्यावर बसली होती. मास्तर चिठ्ठ्यांसाठी टोपी हातात घेऊन उभे.

पद्मानं कपाटातून गठ्ठा काढला. निळी रेघ सरळ होती. तिनं कार्डं लावली. मशीननं पहिली काही गिळली आणि थांबलं, रोज थांबतं तसं. टाइपरायटर खटखटला.

थांबा. काल रात्रीची पाळी बंद केली का?

पद्मानं उत्तराच्या कळीवर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. तिच्या मागं मास्तर उभे होते. साळखात्यात ज्यांचा आवाज दुसऱ्या टोकाला ऐकू जातो ते मास्तर त्या कागदाकडे बघून हळूच म्हणाले, "केली, बाई. केली बंद."

मग तिनं कळ दाबली.

चिठ्ठ्या घेऊन मास्तर गेले, तेव्हा पद्मा मला म्हणाली, "भाऊ, साहेब बोलले, ते वाक्य आता इंग्लिशमध्ये करून टाक. मी नको म्हटलं. अक्का विचारतात ते. रोज विचारतात. बाकी सगळं बदला, त्याला हात लावायचा नाही." आणि डोळे पुसून लगेच कामाला लागली, कारण टाइम ऑफिसचा माणूस दारात येऊन हाक मारत होता.

मी खाली आलो. स्टोअरच्या खिडकीवर कुणी नव्हतं. दहा वाजायचे होते.

संध्याकाळी हे सगळं सुमनला सांगितलं. ती अंगणात बंबाचं बूड तपासत बसली होती. बुडाचा सांधा सुटला होता, डाग द्यायला कासाराकडे न्यावा लागणार होता. तिनं सगळं ऐकून घेतलं, मास्तरांचं, पद्माचं. मधेच हसली, मग पदर डोळ्यांना लावला. मी म्हटलं, "उद्या मी नीट करीन. क्रम आता पाठ झालाय. आधी पाणी, मग..."

सुमननं पदर खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. आणि मालूताई, आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा, तुमच्या त्या आवाजात ती म्हणाली, "मधुकरराव, तुम्ही आपोआप उठू नका. पाणी भरून झालं की मी हाक मारीन."